पान्त्सानेला पुण्यात करायची तर आधी पाव ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात घरी दहा-बारा माणसांचं इटालियन जेवण आहे आणि त्यात पान्त्सानेला, म्हणजे टस्कनीतली शिळ्या पावाची आणि टोमॅटोची कोशिंबीर करायची आहे. एकदा करून बघितली. लादी पावाचे चौकोनी तुकडे तेलावर खरपूस भाजले, त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, तुळशीची पानं घातली, वर पनीर. वाढेपर्यंत खाली लगदा आणि वर कोरडे तुकडे. आता सगळं इथलंच वापरून त्याला ‘स्थानिक वळण’ द्यायचं म्हणताय, तर कशाला काय पर्याय आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी चालेल का?

मी टस्कनीतल्या स्वयंपाकघरांत काम केलंय आणि आता पुण्यात इटालियन जेवणाच्या ऑर्डरी घेतो. हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो आणि प्रत्येकाला पर्यायांची यादी हवी असते. यादी देतो, पण तुमची अडचण तिने सुटणार नाही. टोमॅटो, कांदा, काकडी यांत काहीही थोडंफार इकडचं तिकडे झालं तरी पान्त्सानेला उभी राहते. पाव चुकला की काही केल्या उभी राहत नाही, आणि तुमचा पावच चुकलाय.

तिकडचा पाव कसा असतो ते आधी सांगतो. टस्कनीच्या पावात मीठ अजिबात नसतं. खमिरावर फुगवलेला, जाड कवचाचा, मोठ्या आकाराचा. 2016 साली त्याला युरोपीय संघाचं डीओपी, म्हणजे उगमस्थानाशी बांधलेल्या नावाचं संरक्षणही मिळालं, आणि त्याच्या नियमांत मीठ बसतच नाही. हा पाव ताजा असताना आपल्याला सपक लागतो आणि दोन दिवसांत दगड होतो. दगड झालेला पाव टाकायचा नाही, या काटकसरीतून तिथले निम्मे लोकप्रिय पदार्थ आलेत: पान्त्सानेला, पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं दाट सूप), रिबोल्लिता (पाव घालून पुन्हा उकळलेलं भाज्यांचं सूप). म्हणजे आपण जिला टोमॅटोची कोशिंबीर समजतो, ती मुळात पावाची सोय आहे. आपल्याकडे शिळी भाकरी कुस्करून तिचा दही घालून काला करतात, त्या जातीचा पदार्थ.

करायची रीतही त्यातूनच आलेली. शिळा पाव गार पाण्यात भिजवायचा, घट्ट पिळायचा आणि हाताने मोकळा करायचा. तेलावर भाजलेले चौकोनी तुकडे ही बाहेरच्या रेस्टॉरंटांची पद्धत. दिसायला छान, पण तेलाचा थर बसलेला तुकडा रस सावकाश आणि कमी-जास्त पितो. आतून कोरडा राहतो, नाहीतर तासाभराने चिवट होतो. तुमचे वरचे तुकडे कोरडे राहिले ते यामुळे. खालचे रसात बुडून बसले आणि लादी पाव असल्यामुळे विरघळले.

आता ‘स्थानिक वळण’ देण्याबद्दल. इटलीत हेच सगळीकडे चालतं, फक्त तिथे त्याला कुणी असं भारदस्त नाव देत नाही. रोमच्या बाजूला पाव कुस्करत नाहीत. जाड काप पाण्याने ओला करतात, त्यावर टोमॅटो चोळतात, वर तेल, मीठ, तुळस. खाली दक्षिणेला पुल्या प्रांतात फ्रिसेल्ले असतात: गव्हाच्या किंवा जवाच्या पिठाची कडी, मधून आडवी कापून दोनदा भाजलेली, कडकडीत. ती पाण्यात बुडवून लगेच काढायची आणि वर टोमॅटो. त्याच भागात आल्तामुराचा पिवळसर, ड्युरम गव्हाच्या रव्याचा पाव मिळतो, त्याची चालेद्दा होते, तीही भिजवलेल्या पावाची कोशिंबीरच. वायव्येच्या किनाऱ्यावर, लिगुरियात, खलाशांची कोरडी बिस्किटं भिजवून त्यात ऑलिव्ह, टूना आणि अँचोव्ही हे छोटे खारवलेले मासे घालतात आणि त्याला काप्पोनाद्दा म्हणतात. प्रत्येक ठिकाणी मुळात बदलला तो पाव, आणि बाकीचे जिन्नस त्या पावाला झेपतील तसे आले. पुण्यात करतानाही याच क्रमाने विचार करा.

लादी पाव आणि सँडविच ब्रेड दोन्ही बाद. त्यांची जाळी बारीक आणि मऊ असते, पिठात साखर आणि बहुतेकदा तूप-तेलही असतं. पाणी लागलं की जाळी कोसळते आणि हातात कणकेसारखा गोळा येतो. आपल्याला हवाय मैदा किंवा गहू, पाणी, खमीर एवढ्यावर केलेला, जाड कवचाचा, मोठ्या भोकांचा पाव. पुण्यात आता चांगला सावरडो, म्हणजे आंबवलेल्या खमिराचा पाव मिळतो. माझी पहिली पसंती तोच. त्यात मीठ असतं, म्हणून कोशिंबिरीत मीठ बेताने.

सावरडो महाग वाटला किंवा तुम्हाला खरोखरच इथलं काही हवं असेल, तर इराणी बेकरीचा ब्रून पाव घ्या. कवच कडक, आतून हलका, चव साधी. त्याचा एकच दोष म्हणजे आत गर कमी, म्हणून पाण्यात बुडवायचा नाही. तुकडे करून वर पाणी शिंपडायचं आणि झाकून ठेवायचं. गोव्याहून कुणी येणार असेल तर पोई मागवा. कोंडा असलेल्या पिठाची, आतून पोकळ, पटकन वाळणारी पोई या कामाला फार चांगली, कारण कोंड्यामुळे तिला स्वतःची अशी एक चव असते. आणि गोव्याचीच कांकणां मिळाली, ती बांगडीसारखी, चहात बुडवून खायची कडक कडी, तर पान्त्सानेला विसरा आणि फ्रिसेल्ले करा. एकेक कांकण पाण्यात बुडवून लगेच बाहेर, ताटलीत मांडायचं, वर टोमॅटोचं मिश्रण, दहा मिनिटं थांबायचं. दहा-बारा माणसांना हे वाढायलाही सोपं जातं.

भाकरीचं काय? ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या पावात भाजल्यावर ग्लुटेनची जी जाळी पक्की होते, ती पाणी पिऊनही तुकडा धरून ठेवते. भाकरीत तसं धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे भिजवून पिळायला गेलात तर ओलं पीठ उरेल. सोलापूरची कडक भाकरी मात्र वाढायच्या क्षणी मोडून वर टाकली तर टोमॅटोच्या रसात कडा ओल्या होतात आणि मधे कुरकुरीत राहते. फार चविष्ट लागतं, मी स्वतः घरी खातो. पण पाहुण्यांना त्याला पान्त्सानेला म्हणून वाढणार नाही. भिजवून मुरलेला पाव हा त्या पदार्थाचा जीव आहे आणि इथे तोच नसतो.

पाव शिळा करणं हे पुण्यात ऋतूवर अवलंबून आहे. मार्च-एप्रिलमध्ये कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवला तर दोन दिवसांत काम होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तसाच ठेवलात तर वाळण्याआधी बुरशी येईल. तेव्हा पाव कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाव फ्रिजमध्ये ठेवू नये असं म्हणतात ते ज्या कारणासाठी, तेच कारण आपल्याला इथे उपयोगी आहे. पाव शिळा होतो तो निव्वळ पाणी उडून जाऊन नाही, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो म्हणूनही होतो, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. दुसऱ्या दिवशी जाड काप करून 100 अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास नुसते वाळवून घ्या. रंग येता कामा नये. रंग आला तर तो टोस्ट झाला.

भिजवण्यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे हाताने तोडा, कवच फार जाड असेल तर थोडं काढून टाका. मोठ्या पातेल्यात गार पाणी, त्यात दोन चमचे व्हिनेगर. तुकडे टाका आणि लक्ष ठेवा. सावरडोला पाच ते दहा मिनिटं लागतात, पोईला मिनिटभर पुरतं. एक तुकडा काढून मधे दाबून बघा, आत टणक गाठ लागत नसेल तर झालं. मग मूठभर घेऊन दोन्ही तळहातांत घट्ट पिळा. भाजी पिळतो तसं पिरगाळायचं नाही, दाबायचं. पाणी धारेने जाईल, मग थेंब, मग बंद. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू फुगून परत मोकळा व्हायला लागला पाहिजे. तसाच चिकटून बसला तर एक तर पाव चुकीचा आहे नाहीतर फार वेळ भिजलाय. मग तो गोळा बोटांच्या टोकांनी चोळत पावट्याएवढ्या तुकड्यांत मोकळा करा, रुंद परातीत पसरा आणि पाच मिनिटं वाऱ्यावर राहू द्या. ही पाच मिनिटं कुठल्याच व्हिडिओत नसतात. त्यात वरचं पाणी उडतं आणि तेल घातल्यावर पाव ते पितो. ओलाकिच्च असताना घातलं तर तेल वरच्या वर तरंगत राहतं.

टोमॅटोची गोष्ट वेगळी. बाजारात जे संकरित टोमॅटो येतात, ते लांबच्या प्रवासात टिकावेत असे असतात: साल जाड, गर टणक, आंबटपणा बेताचा. दिसायला देखणे आणि कोशिंबिरीत मुके. मंडईत कोपऱ्यात एखादी मावशी वाकडेतिकडे, खाचा पडलेले गावठी टोमॅटो घेऊन बसलेली असते, तिच्याकडून घ्या. ते पातळ सालीचे आणि आंबट असतात. दोन-तीन दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर, पूर्ण लाल होईपर्यंत ठेवा. गावठी मिळाले नाहीत तर संकरित चालतील, पण मग चिरून मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं ठेवा आणि खाली भांडं ठेवायला विसरू नका. जो रस गळेल त्यात तेल आणि व्हिनेगर फेटून तेच पावावर घाला. टस्कनीत हे कुणी करत नाही, त्यांना गरज पडत नाही. इथे पडते.

कांदा तिथे लाल आणि सौम्य वापरतात. आपला लाल कांदा कच्चा बराच तिखट. तो घ्यायचा असेल तर अगदी पातळ उभा चिरून, थोडं व्हिनेगर घातलेल्या गार पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी गुलाबी होतं, कांदा मऊ पडतो आणि नाकात जाणारा वास उतरतो. पण उन्हाळ्यात करत असाल तर अलिबागचा पांढरा कांदा आणा. माळा करून विकतात तो, 2022 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तो मुळातच गोडसर असतो, पाण्यात ठेवायचीही गरज नाही. इथलं एकच काहीतरी घालायचं ठरलं तर मी हा कांदा घालेन.

आणि आता घोळ, म्हणजे घोळाची पालेभाजी. ही सूचना ऐकून माझ्याकडचे लोक हसतात. सोळाव्या शतकात टस्कनीतल्या फ्लोरेन्समध्ये मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या दरबाराचा चित्रकार होता, ब्रोन्झिनो. त्याने एका कवितेत तेल-व्हिनेगरात पावाबरोबर खायच्या कोशिंबिरीचं वर्णन केलंय. त्यात चिरलेला कांदा आहे, काकडी आहे, वर तुळस आणि रॉकेटचा पाला आहे, आणि एक भाजी आहे जी आपल्याकडे घोळ म्हणून ओळखतात. टोमॅटो नाही. त्या काळात टोमॅटो अमेरिकेतून नुकता युरोपात पोचला होता आणि रोजच्या ताटात यायला त्याला पुढे बराच काळ जावा लागला. म्हणजे आपण पातळ भाजीत घालतो तो घोळ या कोशिंबिरीत टोमॅटोच्याही आधीपासून आहे. त्याची कोवळी शेंड्याकडची पानं कच्ची घाला. आंबटसर, रसदार, थोडी बुळबुळीत असतात आणि पावाला छान धरतात. सकाळी खुडलेला घोळ जास्त आंबट लागतो, कारण ही वनस्पती, विशेषतः पाणी कमी असताना, रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते. माती खूप असते, तीन-चार पाण्यांत धुवा. मुतखड्याचा त्रास असलेला पाहुणा असेल तर त्याच्या ताटात घालू नका, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. घोळ नाही मिळाला तर चिवळही चालते.

तुळस हा शब्द वर मी इटालियन तुळशीसाठी, म्हणजे बेसिलसाठी वापरला. अंगणातली तुळस घालू नका. देवाची म्हणून नको असेल तर तो वेगळा भाग, पण चवीलाही ती लवंगेकडे आणि औषधाकडे झुकते. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र इटालियन बेसिलच्याच जातीचा आहे. त्याचा वास तितका गोड नसतो, पण कोवळी पानं अर्ध्या प्रमाणात चालतात. बेसिल मिळत असेल तर बेसिलच घ्या, आणि सुरीने न चिरता हाताने तोडून अगदी शेवटी घाला.

तेलात मी तडजोड करत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, थोडं कडवट आणि घशाला चुरचुरणारं. बाटलीवर पोमेस किंवा लाइट लिहिलेलं घेऊ नका, त्यात ही चव नसते. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घालून चांगली कोशिंबीर होते, पण ती चवीला सरळ आपल्या बाजूला येते आणि बाकीच्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग राहत नाही. व्हिनेगरात मात्र मोकळीक आहे. तिथे रेड वाइनचं वापरतात. गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर त्याच्या जागी उत्तम बसतं. बाजारातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नको, ते नुसतं टोचतं. टोमॅटो न घालता, ब्रोन्झिनोसारखी कांदा-काकडी-घोळाची करणार असाल तर व्हिनेगर निम्मं करून चमचाभर कोकमाचं आगळ घाला. रंग सुंदर येतो. आगळात मीठ असतं, ते धरून चाला.

दहा-बारा माणसांना बाजूचा पदार्थ म्हणून प्रमाण साधारण असं: वाळलेला पाव 600 ग्रॅम, टोमॅटो सव्वा किलो, मध्यम कांदे तीन, काकड्या तीन (टोकं चाखून, कडू असेल ती बाजूला), घोळाच्या पानांची मोठी मूठभर, बेसिलची दोन मुठी, तेल 150 मिली, व्हिनेगर चार-पाच मोठे चमचे. आठला जेवण असेल तर साडेपाचला पाव भिजवा, सहाला पाव, टोमॅटो, कांदा, तेल, मीठ आणि निम्मं व्हिनेगर एकत्र करून झाकून ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, एरवी बाहेर. काकडी, घोळ, बेसिल आणि उरलेलं व्हिनेगर वाढायच्या दहा मिनिटं आधी. काकडी आधी घातली तर पाणी सोडते. फ्रिजमधून काढली असेल तर अर्धा तास बाहेर राहू द्या, गारठलेल्या तेलाला चव नसते. चाखताना पावाचा तुकडा चाखा, टोमॅटो नाही. मीठ पावाला कमी पडलेलं असतं.

पनीर काढून टाका. पारंपरिक पान्त्सानेलात चीज नसतंच, आणि पनीर रस पीत नाही, नुसतं खडूसारखं मधे येतं. चीज हवंच असेल तर ताज्या मोझरेलाचे काप वेगळ्या ताटलीत टोमॅटोबरोबर द्या. मासे खाणारी मंडळी असतील तर लिगुरियाची आठवण ठेवून कुरकुरीत तळलेली मांदेली शेजारी वाढा. अँचोव्ही आणि मांदेली एकाच कुळातल्या, त्यामुळे हे ओढूनताणून आणलेलं जोडकाम नाही. चाट मसाला नको, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो.

आणि इतकं करूनही पाव जास्त भिजला, लगदा झाला, तर कोशिंबीर वाचवायच्या मागे लागू नका. कढईत तेलावर ठेचलेला लसूण परता, दोन टोमॅटो किसून घाला, तो लगदा आणि वाटी-दीड वाटी भाजीचं पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटं घोटा. काकडीचे तुकडे वेचून काढता आले तर बरं. वरून कच्चं तेल आणि बेसिल. ही पाप्पा अल पोमोदोरोची जवळची नातेवाईक होते, कोमट वाढायची, आणि पाहुण्यांना सांगायचं की आज हीच करायची होती.